लाल छत्रीखालचा बांगडा

गेल्या खेपेस बोर्ली पंचतनच्या बाजारात आम्ही बांगडे घेतले. मासळीवर उन्हासाठी मोठी लाल छत्री लावलेली. कल्ले उघडून पाहिले, लालभडक दिसले, पैसे मोजले. घरी अंगणात पिशवी उलटी केली तर कल्ले तपकिरी! दिवसाची मजुरी पाण्यात. विकणारीने फसवले म्हणावे, तर तिलाही तेच दिसत होते. फसवले ते छत्रीने.

सूर्याचा उजेड पांढरा दिसतो, पण त्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सारे रंग मिसळलेले असतात. न्यूटनने सतराव्या शतकात लोलकातून ते वेगळे करून दाखवले. रंगीत कापड त्यांतले काही रंग शोषून घेते, काही परत फेकते आणि पातळ असले तर काही आरपार सोडते. लाल छत्री निळा-हिरवा उजेड शोषते. रस्त्यावरून आपल्याला ती लाल दिसते तो परत फिरलेला उजेड. खाली मासळीवर पडतो तो आरपार आलेला, तोही लालच. तपकिरी कल्लाही थोडा लाल उजेड परत फेकतोच. वरून दुसरा रंगच आला नाही, तर ताज्या-शिळ्यातला फरक डोळ्यांना कळावा कसा?

निळ्या ताडपत्रीखाली नेमके उलटे. तिथे लाल उजेड फारसा पोचतच नाही, म्हणून ताज्या बांगड्याचे कल्लेही काळपट दिसतात. गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जाते आणि पहाटेपासून राबलेल्या बाईचा चांगला माल पडून राहतो. आमच्या मते हे नुकसान जास्त वाईट, कारण ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. घरांचे पत्रे, कौले उडाली आणि छपरांवर ताडपत्र्या आल्या. निळ्या ताडपत्रीखाली वही उघडली, तर बाईंनी लाल पेनने केलेली खूणही काळी भासते. आणि शोषलेला उजेड कुठे जातो? त्याची उष्णता होते. म्हणूनच काळी ताडपत्री उन्हात पांढरीपेक्षा जास्त तापते.

मासळीवर पांढरे कापड बांधले तर सावली मिळते आणि रंगही खरा दिसतो. नाही तर डोळे स्वच्छ व फुगीर आहेत का, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते का, हे पाहावे. वासाला छत्रीचा रंग लागत नाही.

आता आम्ही बांगडा हातात घेऊन दोन पावले उन्हात जातो. मागून हाक येते, "भाऊ, पैसे देऊन जा!"