वरणभाताची मनाई

साउथहॅम्प्टनसारख्या बंदराच्या गावी बिऱ्हाड थाटलेला मराठी गृहस्थ 50 ते 74 वर्षांच्या दरम्यान असेल, तर दर दोन वर्षांनी सरकारी आरोग्यखाते त्याच्या घरी एक लहानसा संच टपालाने विनामूल्य धाडते. आणि परत पाठविलेल्या शौचाच्या नमुन्यात डोळ्यांस न दिसणारे रक्त पुरेशा प्रमाणात आढळले, म्हणजे बहुधा मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ज्यास कोलोनोस्कोपी म्हणतात, करून घेण्याची सूचना येते. मनुष्य घाबरतो, ते स्वाभाविकच. पण ते रक्त मूळव्याधीचेही असू शकते, आणि माझ्या मते खरी कसोटी दुर्बिणीपुढे नसून तत्पूर्वीचे दोन-तीन दिवस आपल्या स्वयंपाकघरात लागते.

कारण पोट हलके ठेवण्याविषयीच्या आपल्या पिढीजात कल्पना येथे उलट्या ठरतात. दुखणेकऱ्यास द्यावयाच्या मऊ वरणभातातील भात चालतो, वरण चालत नाही. डाळीचा चोथा आतड्यात मागे राहतो. उपवासाच्या खिचडीतील दाण्याचे कूट, फलाहारातील सालीबियांची फळे, मेथी, तीळ, या सर्वांस मज्जाव. रॅडक्लिफ रोडवरील हिंदु मंदिरात हरभऱ्याचा प्रसाद हातावर पडलाच, तर तो भक्तिभावाने शेजाऱ्याच्या हवाली करावा. उलट ज्या पांढऱ्या पावास डॉक्टर एरवी नावे ठेवतात, तोच आता अंडी-मासळीच्या पंक्तीस सन्मानाने बसतो. इसबगोलाची सवय तर हमखास घात करते. पोट साफ करण्याबद्दल त्याचा लौकिक कितीही असो, ते वस्तुतः तंतुमय भूसच होय. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा व चिकट होतो, सबब त्या 7 दिवस आधी थांबवितात.

मग रेचकाची पाळी. त्या पुडीतील मुख्य द्रव्य आतड्यात शोषले न जाता पाणी धरून ठेवते, आणि त्या लोंढ्याबरोबर मळ वाहून जातो. चव बेताचीच, थंड करून प्याल्यास घोट उतरतो. पहिल्या हप्त्यानंतर पाणी स्वच्छ दिसू लागले, की दुसरा टाळण्याचा मोह पुष्कळांस होतो. परंतु मधल्या तासांत लहान आतड्यातून उतरणाऱ्या पित्तमिश्रित रसाचा लेप मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर पुन्हा बसतो, आणि नजर चुकविणारे चपटे मांसांकुर, ज्यांना डॉक्टर पॉलिप म्हणतात, बरेचदा त्याच भागात दडलेले असतात. दिसलेला अंकुर कर्करोग होण्यापूर्वीच तारेच्या फासाने, वेदनेवाचून, काढता येतो. लेपाखाली राहिलेला तसाच राहतो.

गुंगीचे औषध घेतल्यास 24 तास मोटार हाकू नये, आणि घरी नेण्यास कोणी बरोबर असावे. मधुमेहाची किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर सूचनापत्रावरील दूरध्वनीवर आधीच विचारावे. स्वतःच्या अकलेने एकही गोळी बंद करू नये.