घोड्यावरची थेरपी : पैसे भरण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात कर्वेनगरच्या वस्तीतल्या एका ताईंनी रविवारच्या वंदनेनंतर आम्हाला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला. डोक्यावर हेल्मेट घातलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा घोड्यावर बसलेला, दोन्ही बाजूंनी दोन माणसे त्याला धरून चाललेली, आणि पोरगा खदखदून हसतोय. ताईंचा मुलगा त्याच वयाचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, आधाराशिवाय बसता येत नाही. "भाऊ, असं घोड्यावर बसवलं तर माझं लेकरू चालंल का?" ताईंनी विचारले. कुणीतरी त्यांना शहराबाहेरच्या एका जागेचा पत्ता दिला होता. तिथे दहा वेळचे पैसे एकदम भरा म्हणाले. ताई चार घरची धुणीभांडी करतात. कानातले मोडायची त्यांची तयारी झाली होती.

आम्ही थोडे थांबा म्हणालो आणि माहिती काढली. असे लेकरू इतर घरांतही आहे, म्हणून ती इथे देत आहोत.

पहिली गोष्ट, हे थोतांड नाही. घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाची कंबर पुढे-मागे होते, डावी-उजवीकडे झुकते आणि थोडी वळतेही. आपण स्वतः चालतो तेव्हा कंबर जवळपास अशीच हलते. ज्या लेकराने अजून एक पाऊलही टाकलेले नाही, त्याच्या कंबरेला आणि पाठीला चालणे म्हणजे काय हे घोड्यावर कळते. घोड्याची पावले मिनिटाला साधारण शंभर पडतात. अर्धा तास बसले तर सुमारे तीन हजार वेळा शरीराला तोल सावरावा लागतो, आणि मुलाला तो व्यायाम वाटत नाही, मजा वाटते. दोन्ही पाय घोड्याच्या पाठीवर फाकल्यामुळे मांडीचे आखडलेले स्नायू हळूहळू ताणले जातात. घोड्याचे अंग आपल्या अंगापेक्षा थोडे गरम असते, त्या उबेनेही ते सैल पडतात. म्हणूनच थेरपीत पुष्कळदा खोगिराऐवजी जाड मऊ गादी बांधतात. थेरपिस्ट कधी घोडा थांबवायला सांगतो, कधी वळवायला, कधी मुलाला उलटे तोंड करून बसवतो. दर वेळी पाठीला नवे काम मिळते.

याचे जुने उदाहरण डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांचे. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात त्यांनी रौप्यपदक जिंकले. त्या प्रकारात पुरुषांबरोबर उतरायची परवानगी बायकांना त्याच वर्षी पहिल्यांदा मिळाली होती. हे बघून युरोपात दिव्यांगांसाठी घोडेस्वारीचे वर्ग वाढले. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये त्यासाठी राष्ट्रीय संस्था निघाली. १९९६ पासून पॅरालिम्पिकमध्येही ही स्पर्धा आहे.

पण हार्टेल आजारपणाआधीच निष्णात घोडेस्वार होत्या, आणि घोड्यामुळे त्यांचे पाय काही परत आले नाहीत. व्हिडिओ पाठवणारे हे सांगत नाहीत. सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूला झालेली इजा घोडा भरून काढू शकत नाही. अभ्यासांत दिसतो तो फायदा बसण्याचा तोल, पाठीची ताकद, थोडीफार हालचाल यांचा, तोही मध्यम आणि नियमित थेरपीच्या जोडीने. स्वमग्न मुलांवर अमेरिकेत एक चांगला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ६ ते १६ वयाची १२७ मुले होती. निम्म्यांना दहा आठवडे घोडेस्वारी दिली, बाकीच्यांना तबेल्यातच घोड्याची माहिती दिली पण खरा घोडा दिला नाही. घोड्यावर बसलेल्या मुलांची चिडचिड आणि अस्वस्थता जास्त कमी झाली, बोललेले शब्दही वाढले. बरी झाली, असे त्या अभ्यासात कुठेच म्हटलेले नाही.

आपल्या घरांत फौजेतून आलेली माणसे पुष्कळ आहेत. महार रेजिमेंटमध्ये आजोबा, मग मुलगा, मग नातू अशी परंपरा असते. त्यातले काही जखमी होऊन येतात. काहींचे अंग धड असते, पण रात्री दचकून उठतात, घरात कुणाशी बोलत नाहीत, आणि घरचे म्हणतात पिऊन असा झाला. अशा ६३ माजी सैनिकांवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने एक प्रयोग केला, तो २०२१ मध्ये छापून आला. आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. घोड्यावर बसायचेच नाही. जमिनीवर उभे राहून त्याला खरारा करायचा, दोरी धरून चालवायचे, तो का बिचकतो ते ओळखायचे. निम्म्याहून अधिक जणांना चांगला फरक पडला. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे शेवटचा शब्द म्हणून तो घेऊ नये.

ज्यांच्या मणक्याला मार लागला त्या जवानांसाठी पुण्यातच खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे. आणि घोड्याऐवजी पाण्याने काय होते हे बघायचे तर मुरलीकांत पेटकर आहेत. सांगली जिल्ह्यातले हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले. व्यायाम म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकले. शरीराला तोल आणि लय शिकवणारे साधन एकच नसते.

आता घोड्याचा विषय आहे तर आमच्या मनात एक गोष्ट येतेच. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरातमधून आपल्या नवरदेवाला घोड्यावरून खाली खेचल्याच्या बातम्या आजही येतात. म्हणून वस्तीतले पोरगे घोड्यावर ताठ बसलेले दिसले की ऊर भरून येतो, आणि त्यात काही चूक नाही. पण बाबासाहेबांचा चाळीसगावचा प्रसंगही आठवावा. ऑक्टोबर १९२९ मध्ये धुळ्याच्या कामावरून येताना ते चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. महारवाड्यातल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच माणूस बसवला. त्याला सवय नव्हती. घोडा बुजला, टांगा धडकला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पाहुण्याचा मान राखायचा म्हणून लोकांनी जीव धोक्यात घातला, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले.

म्हणून पैसे भरण्याआधी घोडा कोण धरणार हे विचारा. लगाम धरणारा एक, दोन्ही बाजूंना एकेक, आणि मुलाच्या शरीराचे ज्ञान असलेला फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, एवढी माणसे लागतात. वरातीचा घोडा, माथेरान-महाबळेश्वरची फेरी, शर्यतीतून काढलेला तापट घोडा, यातले काही थेरपी नव्हे. हेल्मेट नसेल तर तिथूनच परत या. मुलाला न तपासता, कागद न बघता जे "बसवा, काही होत नाही" म्हणतात, त्यांच्याकडे थांबूच नका.

काही मुलांना घोड्यावर बसवणे धोक्याचे असते. फिट्स आटोक्यात नसतील तर नाही. खुबा निखळलेला किंवा सरकलेला असेल, पाठीचा कणा फार वाकडा असेल, हाडे ठिसूळ असतील तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. मान आधी तपासून घ्यावी, नाहीतर धक्क्याने मज्जारज्जूला इजा होते. लुळ्या पडलेल्या माणसाला बसण्याच्या जागी जखम असेल तर ती भरेपर्यंत नाही. त्याला दुखत नाही, म्हणून घरच्यांनीच बघावे.

घोड्याआधी करायची कामे फुकट किंवा स्वस्तात होतात. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना मूल दाखवा. ते जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रात पाठवतात आणि तिथे थेरपी मिळते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. कार्ड मिळेपर्यंत चकरा माराव्या लागतात हे आम्हाला माहीत आहे. एकट्या आईला पाठवू नका, विहारातला कुणी लिहिता-वाचता मुलगा सोबत द्या.

ताईंना आम्ही सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितला. डावा खुबा जागेवरून थोडा सरकलेला निघाला. ताईंना हे आजवर कुणी सांगितलेच नव्हते. हाडांच्या डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी एक्स-रे लिहून दिला आहे. घोडा तूर्त नको म्हणाले. त्याऐवजी थेरपिस्टने जुन्या गोधडीची घट्ट वळकटी बांधायला शिकवली, जाडी किती ती मुलाच्या पायांवरून मापून दिली. त्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसायचे, मागून कुणीतरी कंबर धरायची आणि वळकटी अलगद डुलवायची. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटे. मोठी बहीण शाळेतून आली की ते काम करते आणि तोंडाने टापांचा आवाज काढते. कानातले अजून ताईंच्या कानात आहेत. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.