खोल्याखोल्यांत सूर : घरभरच्या संगीतासाठी ॲम्प्लिफायर

दिवाळीच्या पहाटे घरातलं कुणी देवघरात असतं, कुणी फराळाच्या ताटांपाशी, कुणी अंगणात रांगोळी काढत. सनई मात्र लागते दिवाणखान्यातल्या एकाच स्पीकरवर, आणि ती सगळ्यांपर्यंत पोचावी म्हणून आवाज वाढवला जातो. मग दिवाणखान्यात दोन शब्द बोलणं कठीण होतं आणि अंगणात नुसती कुजबुज पोचते. आवाज आणखी वाढवून हे सुटत नाही. प्रत्येक खोलीत छोटे स्पीकर आणि सगळीकडे सारखाच, बोलणं बुडणार नाही इतका आवाज, असं नियोजन लागतं.

हे मनाशी ठरलं की ॲम्प्लिफायर निवडण्याची रीतही बदलते. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती वॅटचा देऊ?’ घरभरच्या संगीतासाठी त्याआधी तीन प्रश्न सोडवावे लागतात : स्पीकर किती, ते किती ओहमचे, आणि कोणत्या खोल्या स्वतंत्र चालवायच्या?

वॅटचा हिशेब

घरगुती स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा एक आकडा असतो. समजा तो ८८ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ८८ डेसिबल आवाज मिळतो. साधारण खोलीत ३ मीटरवर बसलेल्याला त्यातले ८० डेसिबलच्या आसपास ऐकू येतात. दोन माणसांचं सहज बोलणं ६० डेसिबलच्या घरात असतं, त्यामुळे काम करताना ऐकायच्या संगीताला ६५ डेसिबल पुष्कळ झाले. त्यासाठी सरासरी लागतो जेमतेम ०.०३ वॅट! तबल्याची थाप किंवा गायकाची उंच तान सरासरीपेक्षा २० डेसिबल वर जाऊ शकते आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. तरीही गरज ३ वॅटपर्यंतच पोचते.

दिवाणखान्याचं गणित वेगळं. तिथे मन लावून, मोठ्यानं ऐकायचं असेल आणि सरासरी ८० डेसिबल हवे असतील, तर सरासरी १ वॅट आणि उंच क्षणांसाठी १०० वॅट लागतील. म्हणून दिवाणखान्याला चॅनलमागे ८० ते १०० वॅट आणि बाकी खोल्यांना २५ ते ५० वॅट हे माप व्यवहारात पुरतं. ५० वॅटऐवजी १०० वॅट घेतल्यानं आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

खोक्यावरचे वॅट वाचताना सावध राहावं. ‘पीएमपीओ’ लिहिलेल्या हजारो वॅटच्या आकड्याला तांत्रिक अर्थ नाही. अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्येच ॲम्प्लिफायरचे वॅट कसे मोजावेत याचा नियम करावा लागला. आपण सलग मिळणारे, म्हणजे ‘आरएमएस’ वॅट विचारावेत. ते ८ ओहमवर, दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात मोजलेले हवेत आणि आवाजातली विकृती (डिस्टॉर्शन) ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा कमी हवी. तोच ॲम्प्लिफायर ४ ओहमवर, फक्त १,००० हर्ट्झला, १० टक्के विकृती चालवून मोजला की आकडा दुपटीच्याही पुढे फुगू शकतो.

ओहम : इथे ॲम्प्लिफायर जळतात

एकाच टाकीला जास्त नळ जोडले आणि सगळे एकदम सोडले, तर टाकीवर ताण येतो. ॲम्प्लिफायरच्या एका चॅनलला समांतर जोडलेले स्पीकर हे असे नळ आहेत. ८ ओहमचा एक स्पीकर म्हणजे ८ ओहमचा भार. दोन समांतर जोडले की ४, चार जोडले की २ ओहम. २० व्होल्टवर ८ ओहमचा स्पीकर २.५ अँपिअर प्रवाह ओढतो, तर २ ओहमचा भार १० अँपिअर. बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायर ४ ओहमपर्यंतच सुरक्षित असतात. मागच्या बाजूला तसं छापलेलं असतं, ते आधी वाचावं. त्याखाली गेलं की ॲम्प्लिफायर तापतो आणि संरक्षण नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर उडतात.

मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ ओहम दाखवतो. मीटर डीसी रोध मोजतो, त्यामुळे हा आकडा बिघाडाचा समजू नये.

चार मार्ग

पहिला मार्ग एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि त्याला अनेक खोल्यांचे स्पीकर जोडणाऱ्या स्पीकर सिलेक्टरचा. तो स्वस्त आहे, पण सगळ्या खोल्यांत एकच गाणं वाजतं आणि ओहमचा धोका कायम राहतो. सिलेक्टर घ्यायचाच तर इम्पीडन्स, म्हणजे ओहमचा भार, जुळवणाऱ्या व्हॉल्यूम कंट्रोलसह घ्यावा. अनेक क्लास डी ॲम्प्लिफायरमध्ये काळं टर्मिनलही ‘ग्राउंड’ नसतं. अशा ॲम्प्लिफायरला सगळ्या काळ्या तारा एकत्र करणारा सिलेक्टर जोडला, तर तो बिघडू शकतो.

दुसरा मार्ग मल्टिझोन ॲम्प्लिफायरचा. आठ चॅनलचा चार खोल्यांना, बारा चॅनलचा सहा खोल्यांना स्टिरिओ देतो. प्रत्येक स्पीकरला स्वतःचं चॅनल असल्यानं ओहमची चिंता मिटते. आजीच्या खोलीत भजन आणि मुलांच्या खोलीत सिनेमाची गाणी एकाच वेळी चालू शकतात.

तिसरा मार्ग १०० व्होल्ट लाइनचा. शाळेत, देवळात दिसणाऱ्या अहुजासारख्या पीए ॲम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहमबरोबर ७० आणि १०० व्होल्टचीही टर्मिनल असतात. प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून तो किती वॅट घेईल ते ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवर, म्हणजे जोडबिंदूवर, ठरवता येतं. १०० वॅटसाठी ८ ओहमवर सुमारे ३.५ अँपिअर वाहतात, १०० व्होल्टवर फक्त १. त्यामुळे लांब तारेत नुकसान कमी होतं. बारा स्पीकर १० वॅटच्या टॅपवर असतील तर बेरीज १२०, आणि थोडी मोकळीक ठेवून १६० वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा. आवाज बहुधा मोनो असतो आणि ट्रान्सफॉर्मर हलका असेल तर खर्ज कमी उमटतो. फार्महाऊस, मोठं आवार, बाग यांना हा मार्ग शोभतो. १०० व्होल्टचा झटका बसू शकतो, म्हणून एकही जोड उघडा ठेवू नये.

चौथा मार्ग प्रत्येक खोलीत वाय-फायवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर ठेवण्याचा. बांधून झालेल्या फ्लॅटमध्ये भिंती न फोडता होणारा हाच. ब्लूटूथवर मात्र विसंबू नये. त्याची पोच साधारण १० मीटर, आणि भिंत आली की त्याहून कमी.

नवं बांधकाम किंवा मोठं नूतनीकरण असेल तर माझा कौल दुसऱ्या मार्गाला. क्लास डी प्रकार घ्यावा, कारण तो घेतलेल्या विजेतली ९० टक्क्यांपर्यंत वीज स्पीकरपर्यंत पोचवतो. क्लास एबीमध्ये बराचसा भाग उष्णता होऊन जातो. बारा चॅनल दिवसभर चालायचे असतील तर हा फरक बिलात आणि कपाटाच्या तापमानात जाणवतो.

तार : प्लॅस्टरच्या आधी

सगळ्या निर्णयांत तारेचा एकच नंतर बदलता येत नाही. वायरमन भिंतीला झिऱ्या मारतो तेव्हाच स्पीकरच्या तारेसाठी वेगळा पाइप टाकून घ्यावा. प्रत्येक स्पीकरची तार सलग, मधे जोड न देता, ॲम्प्लिफायरच्या जागेपर्यंत यावी. ती २३० व्होल्टच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये. दोन्ही मार्ग एकमेकांना ओलांडतील तिथे काटकोनात ओलांडावेत.

जाडीचा हिशेब सोपा आहे. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.०१७ ओहम. २० मीटर दूरच्या स्पीकरसाठी जाऊन-येऊन ४० मीटर तार. १.५ चौरस मिलिमीटरला हा रोध ०.४५ ओहम, २.५ ला ०.२७ ओहम. ८ ओहमच्या ५ टक्के म्हणजे ०.४ ओहम, त्याच्या आत राहावं. थोडक्यात, १५ मीटरपर्यंत १.५ आणि त्यापुढे २.५ चौरस मिलिमीटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत ‘४०/७६’ मागितली तर ०.००७६ इंचाचे ४० तंतू असलेली तार मिळते. ती सुमारे १.२ चौरस मिलिमीटरची, जवळच्या खोल्यांना पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार टाळावी. तिचा रोध सुमारे दीडपट असतो आणि स्क्रूखाली ती लवकर सैल होते.

स्पीकरच्या तारेबरोबर प्रत्येक खोलीत एक नेटवर्क केबलही टाकावी. जाड भिंती आणि स्लॅब यांतून वाय-फाय क्षीण होतं आणि गाणं मधेच तुटतं.

जोडणी आणि पहिला सूर

ॲम्प्लिफायर बंद कपाटात कोंडू नये. वर आणि बाजूंना मोकळी जागा हवी. जोडण्याआधी प्रत्येक तार मल्टिमीटरनं तपासावी, कुठे शॉर्ट नाही ना. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन्ही पडदे विरुद्ध हलतात आणि खर्ज हरवतो. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. धन टोक लालला असेल तर मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर येतो. स्वयंपाकघरात एकच स्पीकर असेल तर डाव्या-उजव्या आउटपुटच्या तारा कधीही एकत्र जोडू नयेत. ॲम्प्लिफायरमधला मोनो पर्याय वापरावा.

मग व्हॉल्यूम शून्यावर ठेवून एकेक खोली सुरू करावी. ओळखीचं एकच गाणं लावून घरभर फिरावं आणि प्रत्येक झोनची पातळी अशी बसवावी की एका खोलीतून दुसरीत जाताना आवाजाची पायरी जाणवू नये. कमाल मर्यादेची सोय असेल तर मुलांच्या खोलीसाठी ती लावून टाकावी.

५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर एकेक केबल काढून पाहावी. पुष्कळदा केबल टीव्हीच्या तारेतून ‘ग्राउंड लूप’ आलेला असतो. त्यासाठी अर्थिंगची पिन कधीही काढू नये. सगळी उपकरणं एकाच अर्थिंगवर घ्यावीत किंवा त्या केबलला आयसोलेटर लावावा. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह प्रकारचा असावा, चौकोनी लहरीवर ट्रान्सफॉर्मर घरघरतो. पावसाळ्यातल्या विजांपासून सर्ज प्रोटेक्टर बराच बचाव करतो. तरी गडगडाट जवळ आला की प्लग काढणं उत्तम. कोकणात आणि गोव्यात खारी हवा टर्मिनलं खाते. तिथे अंगणातले स्पीकर पाण्याला दाद न देणारे, आयपी ६५ दर्जाचे घ्यावेत आणि तारांची टोकं वर्षातून एकदा साफ करावीत.

दोन स्पीकरमधली आवाजाची वेळही सांभाळावी लागते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० मीटर दूरच्या खोलीतला सूर २९ मिलिसेकंद उशिरा येतो, तेवढं कान सांभाळून घेतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे वायरलेस स्पीकर मिसळले तर अंतर त्याहून बरंच वाढतं आणि प्रतिध्वनीसारखं ऐकू येतं. एका घरात एकच प्रणाली ठेवावी.

शेजार

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते पहाटे ६ ही रात्र. पहाटे पाचला सनई लावायची तर अंगणाचा झोन बंद आणि आतले चालू, हे मल्टिझोनमध्ये एका बटणाचं काम आहे. नीट आखलेल्या घरात हा नियम अडचणीचा ठरत नाही, कारण आवाज माणसाजवळच असतो आणि त्याला भिंत ओलांडून जावं लागत नाही.

म्हणून खर्चाचा क्रम असा लावावा : आधी तार आणि पाइप, मग स्पीकर, शेवटी ॲम्प्लिफायर. पैसे कमी पडले तर आज दोनच खोल्या सुरू कराव्यात, पण तारा मात्र सगळ्या खोल्यांत टाकून ठेवाव्यात. कोणती तार कोणत्या खोलीची, स्पीकर किती ओहमचा, टॅप किती वॅटचा, हे एका कागदावर लिहून ॲम्प्लिफायरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावं. दहा वर्षांनी ॲम्प्लिफायर बदलायला येणारा वायरमन त्या कागदावरून तासाभरात काम उरकेल.