रेंगाळलेला खोकला आणि शिक्षकाचे कर्तव्य

गणेशोत्सवास वा शिमग्यास मुंबईहून कोकणात गावी येणाऱ्या चाकरमान्यांत जोगेश्वरीची मंडळीही असतात. तेथील चाळींतून एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात आणि खिडकी बहुधा एकच असते. अशा घरातील एखादा गृहस्थ महिना-दीड महिना खोकत असला, तरी विचारल्यावर “मुंबईची हवा बाधली” एवढेच सांगतो. अडुळशाचा काढा व खोकल्याच्या औषधाची बाटली यांवर दिवस निघून जातात. त्याच घरातील मूल सकाळी शाळेत येऊन बसते. म्हणून या विषयाचा शिक्षकांनी विचार करणे अगत्याचे आहे.

खोकला हा स्वतः रोग नव्हे. ते लक्षण होय. विडी, धूळ, चुलीचा धूर, दमा अशी त्याची अनेक कारणे असतात. तथापि दोन आठवडे वा अधिक काळ टिकलेल्या खोकल्यात क्षयाची शंका घेऊन तपासणी करावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे. सायंकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटते वजन ही त्याची सोबतीण लक्षणे होत. थुंकीतून रक्त पडल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. मुलांच्या बाबतीत वजन न वाढणे व खेळण्याचा उत्साह मावळणे यांकडेही लक्ष असावे.

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडले. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळविलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. रोगाचे कारण ठाऊक झाले होते, परंतु औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. आज औषध आहे आणि ते विनामूल्य मिळते. तेव्हा आज जी हानी होते ती पुष्कळ अंशी विलंबाने होते.

तपासणीसाठी जोगेश्वरीत महानगरपालिकेचा दवाखाना व गावी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. थुंकीची तपासणी तेथे मोफत होते. गरजेनुसार छातीचे क्ष-किरण चित्रही काढतात. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. काही आठवड्यांतच खोकला थांबतो, आणि खरा धोका येथेच आहे. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्यास उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात. गावी येताना वा मुंबईस परतताना उपचार दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करून घेता येतो, हे चाकरमान्यांस अवश्य सांगावे. उपचार चालू असताना पोषणासाठी शासनाकडून दरमहा साहाय्य मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये आहे.

शिक्षकाने रोगनिदान करू नये. ते वैद्याचे काम. त्याने वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खोकताना तोंडावर रुमाल धरण्याची सवय लावावी आणि दोन आठवडे खोकणाऱ्या मुलाच्या पालकांस एकांतात सांगून आरोग्य केंद्रात पाठवावे. घरात रुग्ण असल्यास इतरांची, विशेषतः पाच वर्षांखालील बालकांची, तपासणी झाली की नाही हे विचारावे. रुग्णाच्या मुलास वेगळे बसविणे वा त्याचा चारचौघांत उल्लेख करणे सर्वथा टाळावे. लाजेने जे घर खोकला लपविते, तेथे रोग वाढतो. विश्वासाने जे घर तो सांगते, तेथे तो बरा होतो.