शँक : दोन बोटांची चूक
गोल्फची उकल – लेखांक ११

स्लाइस झाला की खेळाडू चिडतो, चेंडू टॉप झाला की ओशाळं हसतो, शँक झाला की मात्र गप्प होतो. सोबतचेही गप्प होतात. एक जण बुटाचे स्पाइक न्याहाळतो, दुसरा ग्लोव्हची पट्टी उगाचच काढून पुन्हा लावतो. अर्धा तास सात नंबरचं आयर्न झकास चाललेलं असतं आणि काही कारण नसताना एक चेंडू लक्ष्य सोडून गुडघ्याएवढ्या उंचीवरून सुसाट उजवीकडे निघतो. टण्णकन आवाज येतो, तळहातांना झिणझिण्या येतात आणि त्या गोंधळात ‘फोर!’ ओरडायचं राहून जातं. ते मात्र राहू देऊ नका. शँक झालेला चेंडू नेमका तिकडे जातो जिकडचे लोक तुमच्या वाटेला येण्याची कल्पनाही करत नाहीत.

(या लेखातलं सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या करून वाचाव्यात.)

गेल्या आठवड्यात आपण स्लाइस पाहिला, त्यामुळे पहिला गैरसमज तिथूनच येण्याची शक्यता आहे. चेंडू उजवीकडे गेला, म्हणजे फेस उघडा राहिला असणार. तर मग ग्रिप बदलू, थोडं डावीकडे धरू. हे उपाय स्लाइसचे. स्लाइसचा चेंडू हवेत वळत वळत उजवीकडे जातो. शँकचा चेंडू वळत नाही, तो निघतोच उजवीकडे. शँक ही मुळात दिशेची चूक नाही, अंतराची आहे. एवढं डोक्यात बसलं तर निम्मं काम झालं, असं मी मानतो. कारण शँक झाल्यावर माणूस जे जे काही दिशा सुधारायला करतो, त्यातलं बहुतेक पुढचा शँक ओढवून घेणारं असतं.

आयर्नचं डोकं हातात घेऊन बघा. खाचा असलेला सपाट फेस, त्याचं लांबचं टोक म्हणजे टो, शाफ्टच्या बाजूचं टोक म्हणजे हील. हीलच्या कडेला शाफ्ट ज्या गोल नळीत बसवलेला असतो, ती हॉझल. चेंडू फेसवर न बसता या नळीवर बसला की शँक. फेसवरच्या स्वीट स्पॉटपासून हॉझल साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटरवर असते, म्हणजे जेमतेम दोन बोटांवर. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो. त्या दोन जागांमध्ये चेंडूच्या व्यासाइतकंही अंतर नाही! ज्याचा चेंडू एरवी फेसच्या मध्यावर बसतो, तो खेळाडू शँकपासून दोनच बोटं दूर असतो. टोवर मारत सुटलेला नवखा त्यापेक्षा सुरक्षित.

मग चेंडू इतका आडवा का जातो? हॉझल गोल आहे, आणि गोल पृष्ठभागावर आदळलेली वस्तू कुठे जाईल हे ती गोलाईच्या कुठल्या भागावर आदळली त्यावर ठरतं. चेंडू बहुधा हॉझल आणि फेस यांच्या सांध्यात, नळीच्या टोकडच्या गोलाईवर आदळतो. त्या जागी पृष्ठभागाचं तोंड लक्ष्याकडे नसून तिरकं बाहेर असतं, म्हणून चेंडूही तिरका बाहेर फेकला जातो. क्वचित तो नळीच्या अलीकडच्या बाजूला लागतो आणि चक्क खेळाडूच्या पायांकडे येतो. ते पाहिलं आहे त्याला ते विसरता येत नाही. फेस उघडा असेल तर हॉझल फेसच्या पुढे येते आणि चेंडूला तीच आधी भेटते. फेस मिटत असेल तर टो पुढे होतो आणि हॉझल मागे लपते. फेसचा शँकशी संबंध आहे तो एवढाच.

आता खरी मेख. हॉझल ही क्लबची तुमच्याकडची बाजू आहे. चेंडूमागे उभं राहताना फेसचा मध्य चेंडूला लावलेला होता आणि प्रत्यक्षात हॉझल लागली, याचा अर्थ क्लबचं डोकं मधल्या वेळात तुमच्यापासून दोन बोटं लांब सरकलं. जवळ नव्हे, लांब. शँक झालेल्या माणसाला मित्र हमखास सांगतात, ‘अरे, चेंडूच्या फार जवळ उभा आहेस, मागे सरक.’ तो मागे सरकतो. आता चेंडूपर्यंत पोचायला त्याला पुढे झुकावं लागतं, वजन चवड्यांवर येतं, डाउनस्विंगमध्ये अंग पुढे ओढलं जातं आणि क्लबचं डोकं आणखी बाहेर जातं. दुसरा शँक. मग तो आणखी मागे सरकतो. जवळ उभं राहिल्यानेही शँक होऊ शकतो, नाही असं नाही. पण मागे सरकण्याचा सल्ला इतक्या सरसकट दिला जातो की त्याने जेवढे शँक बरे केले असतील त्याहून जास्त घडवले असावेत, अशी माझी शंका आहे.

डोकं बाहेर का सरकतं, यामागे थोडं गणित आहे. सात नंबर आयर्नचं डोकं साधारण २७० ग्रॅमचं असतं. हौशी खेळाडूच्या स्विंगमध्ये ते चेंडूजवळ ताशी १२० किलोमीटरच्या आसपास वेगाने येतं. दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ते फिरतंय असं धरलं, तर त्या क्षणी ते तुमचे हात सुमारे वीस किलो वजनाच्या ताकदीने बाहेर खेचत असतं. उभं राहताना हातांत लोंबणाऱ्या क्लबचं एकूण वजन अर्ध्या किलोहूनही कमी होतं! आणि हा बदल होतो डाउनस्विंगच्या जेमतेम पाव सेकंदात. व्यावसायिक खेळाडूंचेही हात चेंडूवर येताना सुरुवातीपेक्षा थोडे वर आणि थोडे बाहेर असतात. फरक असा की त्यांचं अंग मागे राहून, कमरेत फिरून, त्या हातांना जागा करून देतं. आपलं अंग ती जागा खाऊन टाकतं.

कशी खाऊन टाकतं ते कंबरेकडे पाहिलं की कळतं. चेंडूवर उभं राहताना आपण कमरेतून वाकतो, बसायची बाजू मागे काढतो. डाउनस्विंगमध्ये ती बाजू तिथेच राहून डावीकडे फिरायला हवी. त्याऐवजी अनेकांची कंबर चेंडूच्या दिशेने पुढे येते आणि पाठ सरळ होते. प्रशिक्षक याला अर्ली एक्स्टेन्शन म्हणतात. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मागे जी खुर्ची किंवा बॅग असेल तिच्याकडे लक्ष ठेवा. बॅकस्विंगच्या शेवटी पँट आणि बॅग यांच्यात फट नसते. चेंडू लागतो तेव्हा वीतभर उजेड दिसतो. ती वीत कुठून तरी भरून निघणार, आणि ती भरते क्लबचं डोकं बाहेर ढकलून. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी थेट रेंजवर जाणाऱ्यांमध्ये हा दोष जास्त दिसतो, असा माझा अनुभव आहे. कंबर आखडलेली असली की फिरण्यापेक्षा उठणं सोपं जातं.

बाकी कारणं थोडक्यात. वजन चवड्यांवर असणं, हे सांगून झालंच. कुठल्याही कोर्सवरचा जुना कॅडी ‘साहेब, चेंडूवर पडताय’ म्हणतो तेव्हा त्याला हेच दिसलेलं असतं. ग्रिप आवळणं: मूठ घट्ट झाली की मनगटं अडकतात, फेस मिटत नाही आणि हॉझल पुढे राहते. आणि स्विंगचा मार्ग. खांद्याने ढकलून बाहेरून आत मारणारा शँक करतो, तसाच फार आतून बाहेर मारणाराही करतो. दोघांचे दोष उलटे, चेंडू मात्र एकाच झुडपात सापडतात. त्यामुळे कुणा एकाचा रामबाण दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतो. उताराचं भानही ठेवा: चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर अंग आपोआप पुढे कलतं.

तेव्हा आधी निदान, मग औषध. निदानाला महागडं यंत्र लागत नाही. व्हाइट बोर्डचा मार्कर घ्या, चेंडूच्या मागच्या बाजूला जाड ठिपका काढा आणि तो ठिपका क्लबकडे करून चेंडू ठेवा. फटक्यानंतर ठिपक्याची छाप क्लबवर उमटते. अंगठ्याने पुसली की जाते. मार्कर नसेल तर फेसवर टाल्कम पावडर चोळा. चेंडू लागेल तिथली उडते. चार-पाच चेंडू मारून छापा कुठे पडतात ते बघा. शँकची साथ येण्यापूर्वी या छापा बहुतेक वेळा हीलकडे सरकत आलेल्या असतात. फटके बरे जात असल्यामुळे आपलं तिकडे लक्ष नसतं इतकंच. शँक अचानक येतो असं आपण म्हणतो; छापा पाहणाऱ्याला तो दोन दिवस आधी दिसतो.

औषधांपैकी माझं आवडतं म्हणजे दोन चेंडूंचं. दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवा, एक तुमच्या जवळचा, एक पलीकडचा. मध्ये दोन बोटांची फट. क्लब पलीकडच्या चेंडूमागे लावून उभे राहा, आणि मारा जवळचा. पलीकडचा जागचा हलता कामा नये. यात ‘हात आत ठेव, कंबर मागे ठेव’ असं काही मनाला बजावावं लागत नाही. डोकं आत आणायचं काम समोर दिसतं आणि अंग आपली आपण वाट शोधतं. पहिले काही फटके टोवर बसतील. बसू द्या, शँकच्या रुग्णाला टोचा फटका ही सुधारणाच आहे. सुरुवात अर्ध्या स्विंगने करा. पूर्ण ताकदीने दोन्ही चेंडू उडाले तर शेजारच्या बेमधल्या माणसाला तुमच्या सरावात रस असण्याचं कारण नाही.

याचाच मवाळ प्रकार म्हणजे तीन चेंडूंच्या पॅकचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा. क्लब चेंडूमागे नीट लावा आणि टोच्या पलीकडे बोटभर अंतरावर डबा ठेवा. डोकं बाहेर गेलं की डबा उडतो आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. ज्यांची कंबर पुढे येते त्यांनी मागे बॅग उभी करून उजवी बाजू तिला टेकवून उभं राहावं, आणि चेंडू लागताना डावी बाजू त्याच बॅगेला टेकते का ते पाहावं. हे घरी भिंतीशी, क्लबशिवाय, हात छातीवर बांधूनही करता येतं.

शँक फक्त आपल्यासारख्यांचा रोग नव्हे. १९७२ साली पेबल बीचवरच्या बिंग क्रॉस्बी स्पर्धेत जॉनी मिलर आणि जॅक निक्लॉस यांची चुरस चालू असताना, शेवटच्या फेरीत सोळाव्या होलवर, मिलरने सात नंबरच्या आयर्नने शँक मारला. प्लेऑफच्या पहिल्याच होलवर निक्लॉसने ती स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी याच मिलरने ओकमाँटवर यूएस ओपनच्या शेवटच्या फेरीत ६३ मारून विजेतेपद घेतलं. २०१७ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये, सॉग्रासच्या अठराव्या होलवर, इयन पोल्टरचा दुसरा फटका शँक होऊन उजवीकडच्या झाडीत गेला. त्या होलच्या डाव्या अंगाला सबंध लांबीभर पाणी आहे. पोल्टरने चेंडू खेळण्याजोगा नाही म्हणून एका फटक्याचा दंड घेतला, ड्रॉप घेतला आणि पुढचा फटका थेट होलजवळ टाकून बोगीवर सुटका करून घेतली. स्पर्धेत तो संयुक्त दुसरा आला. मला त्या शँकपेक्षा त्यानंतरचा फटका जास्त शिकवतो. लाखो लोकांदेखत शँक मारल्यावर पुढच्याच फटक्यात पूर्ण, मोकळा स्विंग करणं ही सोपी गोष्ट नव्हे.

कारण शँकचा दुसरा अर्धा भाग भीतीचा आहे, आणि ती भीती हवेतली नसते, स्नायूंत उतरते. घाबरलेला माणूस मूठ आवळतो, चेंडू जपून ‘लावायला’ जातो, छातीचं फिरणं थांबवतो आणि हात पुढे ढकलतो. वर सांगितलेली कारणं पुन्हा वाचा. भीतीने नेमकी तीच तयार होतात. १९९६ च्या ‘टिन कप’ या चित्रपटात केव्हिन कॉस्टनरच्या पात्राला ऐन वेळी शँकची बाधा होते. त्याचा कॅडी त्याला सुट्टी नाणी दुसऱ्या खिशात टाकायला, टोपी उलटी फिरवायला, टी कानामागे खोचायला लावतो, आणि फटका सरळ जातो. विनोद आहे, पण त्यात तथ्य आहे: त्या क्षणी त्याचं मन हातांवरून उठून दुसरीकडे गेलं.

ग्रीनजवळचे छोटे शँक वेगळ्या जातीचे. तिथे वीस किलोची खेच नसते. तिथे खेळाडू लॉब वेजचा फेस उघडतो, वजन डाव्या पायावर टाकतो, हात पुढे ओढतो आणि छाती जागच्या जागी थिजवतो. उघडा फेस आणि पुढे आलेली हॉझल यांना चेंडू आयता मिळतो. यावर उपाय म्हणजे वेज बाजूला ठेवून नऊ नंबरचं आयर्न घेणं, चेंडूच्या जवळ उभं राहून शाफ्ट जरा उभा करणं, हील जमिनीवरून किंचित उचलणं आणि पुटरसारखा खांद्यांनी झोका देणं. हील उचलली की हॉझलही चेंडूच्या वाटेतून वर जाते.

आणि फेरीच्या मध्यावर, सातव्या होलवर शँक झाला तर? तिथे स्विंग दुरुस्त करायला जाऊ नका. बुटांत पायाची बोटं वर उचलून बघा, म्हणजे वजन टाचांकडे जातं. मूठ सैल करा. क्लब लावताना चेंडू फेसच्या मध्याऐवजी टोसमोर येऊ द्या. कार्डावर दोन-चार फटके जास्त लागले तरी चालतील, पण पुढचा फटका पूर्ण मारा. अर्धवट आवरलेला स्विंग हॉझलला सगळ्यात सोयीचा. बॅगेत हायब्रिड असेल आणि अंतर जमत असेल तर दोन-तीन होल तेच वापरा. मार्करचं काम दुसऱ्या दिवशी रेंजवर.

पुढच्या आठवड्यात बंकर. तिथे फेस उघडायलाच लागतो, त्यामुळे हॉझलची गाठ पुन्हा पडेल.