शिरूरचे सूप, दौंडचे घोंगडे

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. बाजारच्या दिवशी नदीपलीकडची, नगर जिल्ह्यातली माणसेही इकडेच लोटतात. भाजीपाला घेऊन झाला की भेळ खायची आणि घरच्यांसाठी गोडीशेव, रेवडी बांधून घ्यायची, हा आमचा ठरलेला क्रम. खाऊ विसरलात तर नातवंडे पिशवी उलटी करून पाहतात!

परवा बाजार उठता उठता आमच्या मंडळींना सूप हवे झाले. घरात प्लॅस्टिकचे आहे. पण तूर पाखडताना त्याच्या गुळगुळीत तळावरून कोंड्याबरोबर दाणेही पुढे घसरतात. बांबूच्या विणीत दाणा अडतो, कोंडा तेवढा उडून जातो. बुरूड बाईंनी दोनशे सांगितले. मंडळींनी शंभरापासून सुरुवात केली. दीडशेवर जमले.

"घ्या ताई," बाई म्हणाल्या, "बांबू रोखीनं आणावा लागतो. माल माघारी नेऊन काय करू?"

मग भेळेच्या गाड्यावर बसलो. दोन भेळ, दोन चहा, ऐंशी रुपये. ते मात्र आम्ही मुकाट्याने दिले. मंडळी सूप फिरवून पाहत होत्या. सगळ्या कामट्या एकसारख्या, काठाची बांधणी दुहेरी.

"अहो, दिवसाकाठी अशी किती होत असतील?"

मला काय ठाऊक! पण भेळ काही नेहमीसारखी लागली नाही. घरी आल्यावर त्यांनी भिजवलेली मेथी आणि कागदाचा लगदा एकत्र वाटून सूप लिंपून घेतले. असे लिंपलेले सूप पुष्कळ वर्षे टिकते.

पंधरा दिवसांनी दौंडला लेकीकडे गेलो, तेव्हा तिथल्या बाजारात एक म्हातारबुवा घोंगडी घेऊन बसले होते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड. गिरण्यांना ती नको असते. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून पुष्कळ मेंढपाळ आता ती टाकून देतात. तीच लोकर पिंजून, कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन सणगर मंडळी खड्ड्याच्या मागावर घोंगडे विणतात. काळा रंग मेंढीच्या अंगचाच, वरून दिलेला नव्हे.

बाजारात नकली मालही येतो. म्हणून कडेचा एक धागा मागून घ्यावा आणि काडी लावून पाहावी. केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा. म्हातारबुवांनी न मागता काडीपेटी पुढे केली, तेव्हाच माझा निम्मा विचार पक्का झाला.

पैसे त्यांनी सांगितले तेवढेच दिले, आणि जरा घाईनेच दिले. मंडळी तेवढ्यात लेकीला घेऊन गरम भजी आणायला गेल्या होत्या.