जिरेनियम घेताय? आधी पाकळ्या पाहा

ब्रिटनमध्ये कुंडीत लावलेले लालभडक ‘जिरेनियम’ कडाक्याच्या थंडीत अनेकदा मरते. कारण ते खरे तर दक्षिण आफ्रिकेतले पेलार्गोनियम असते. लिनियसने १७५३ मध्ये दोन्ही झाडे एकाच गटात ठेवली. १७८९ मध्ये ती वेगळी झाली. जुने नाव मात्र तोंडी राहिले.

ओळखायचे कसे?
काटक, खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन बहुधा वेगळ्या दिसतात.

कोणते निवडावे?
झाडाखालच्या कोरड्या सावलीत मॅक्रोरायझम, तर उन्हात निळे ‘रोझॅन’. पेलार्गोनियम हवेच असेल, तर हिवाळ्यात कुंडी घरात घ्या.

हे लक्षात ठेवा
बहुतेक काटक जिरेनियम हिवाळ्यात जमिनीपर्यंत सुकतात. मेले समजून उपटू नका. वसंतात मुळांतून पुन्हा फुटतात.